प्राण्याचे नाव

यशवंतपूरच्या बाजारामागच्या गोदामात एका व्यापाऱ्याने विकायला बंदी असलेली स्टार कासवं पोत्यांत भरून ठेवली होती. मी प्राणी वाचवणाऱ्या संघटनेची पत्रकं काढते. खबर मी दिली, छापा वनखात्याच्या पथकाने घातला. पथकातले एक वनरक्षक आमच्या निपाणीकडचे. त्यांना मी अण्णा म्हणते. पळताना व्यापाऱ्याने सळई फिरवली ती त्यांच्या डाव्या डोळ्याला लागली.

ऑपरेशन आठवड्याच्या आत व्हायला हवं होतं. त्याच्या खर्चासाठी खात्याचा अर्ज भरायचा होता. त्यात जखमेच्या कारणासाठी एकच रकाना होता: प्राण्याचे नाव.

"माणूस लिहा," अण्णांसोबत गेलेली मी कानडी कारकुनाला म्हणाले.

"सरी, बरं, पण माणूस आमच्या यादीत नाही. पोलिसांचा अहवाल आणा, मग बघू."

अहवालाला महिने लागतात, हे तिघांनाही माहीत होतं. तरी अण्णांनी पेन उचललं तेव्हा मी म्हटलं, "खोटं लिहू नका. व्यापारी सुटेल."

"पोरी, खरं तू पत्रकात छाप. मला डोळा पायजे." आणि त्यांनी लिहिलं, माकड.

डोळा अर्धामुर्धा वाचला. कोर्टात व्यापाऱ्याच्या वकिलाने तोच अर्ज दाखवून विचारलं, "सही तुमचीच ना?" हल्ल्याच्या आरोपातून व्यापारी सुटला. खात्याने अण्णांनाच खोटी माहिती दिल्याची नोटीस धाडली. असला रकाना छापणाऱ्याला कुणी नोटीस धाडली नाही.

उत्तर लिहून द्यायला मी गेले. अण्णा म्हणाले, "तू नको. तू लिहिलंस की भांडण होतंय, आणि मला उद्या पुन्हा छाप्याला जायचंय."