अक्षता देऊन केलेली तक्रार

आमच्या व्याह्यांएवढा तक्रार करणारा माणूस चंबळेच्या अल्याडपल्याड दुसरा निघायचा नाही, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच घरी आधी जाऊन ती वाचून दाखवणारा तर अख्ख्या हिंदुस्थानात नसेल. गल्लीतला दिवा बंद, अर्ज. नळाला गढूळ पाणी, अर्ज. टोपी बाजारात एकदा घेतलेली छत्री दारातच मोडली, तर दुकानदाराला म्हणाले, "लालाजी, आपकी शिकायत करूँगा. कुछ कहना हो तो बता दो, वो भी लिख दूँगा." त्याने घाबरून चहा मागवला. यांनी तो प्यायला आणि चहा चांगला होता हेही अर्जात लिहिलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. आमचे आजे-पणजे फौजेत, भांडले ते हत्याराने, कागदाने नाही. कचेरीची पायरी चढायची नाही ही घराची शिस्त. व्याही जातीने जाटव, म्हणजे दलित, गाडी चालवून निवृत्त झालेले. माझ्या लेकीने त्यांच्या मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा मी घरात सांगितलं, मुलगा चांगला आहे, बस, पुढे कोणी बोलू नये. लग्नात व्याह्यांना आमची एक रीत फार आवडली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची आणि मग घरोघरी अक्षता देऊन निमंत्रण करायचं. "ये बढ़िया है, समधी जी. आदमी को पता चले कि उसे गिना गया." तेव्हापासून त्यांचा प्रत्येक अर्ज आधी घरातल्या निळ्या कोटातल्या साहेबांच्या तसबिरीपुढे ठेवला जातो, मग कुंकू लावून, अक्षतांसकट, ज्याच्याविरुद्ध असेल त्याच्याकडे. मी म्हटलं, ही रीत शुभकार्याची आहे. म्हणाले, "तो हम कौन-सा अशुभ कर रहे हैं?"

या हिवाळ्यात मात्र माझं हसणं आटलं. लेक मुरारला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाळेत शिकवते. सातवा महिना लागलेला, आणि राहती खोली मालकाला मुलाच्या लग्नासाठी परत हवी. शाळेजवळ तळमजल्यावर दोन खोल्या सापडल्या. तिचं माहेरचं आडनाव ऐकून घरमालकाने किल्लीसुद्धा दाखवली. संध्याकाळी जावई गेले. मालकाने त्यांचं पूर्ण नाव विचारलं, जरा थांबला, म्हणाला, "हमारे यहाँ पूजा-पाठ होता है, बुरा मत मानिए." किल्ली परत खिशात.

माझं म्हणणं एकच, गप्प राहा, दुसरी खोली बघा. मुरार ते केवढं, तक्रार झाली की सगळे मालक सावध होतील, मग पोरीने या अवस्थेत जायचं कुठे? पण व्याही निघाले होते. आधी नगर निगम, तिथे म्हणाले हे आमचं काम नाही. मग ठाणं, तिथे म्हणाले मकान उसका, मर्ज़ी उसकी. शेवटी एकाने वाट दाखवली. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, साहेब स्वतः लोकांच्या तक्रारी ऐकतात, साधा कागद चालतो. काय घडलं, कुठे, कोणासमोर, आणि मालक बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. अनुसूचित जातींचं ठाणं वेगळं आहे, तिथेही एक प्रत द्यायची.

मी लेकीला म्हटलं, "तूच थांबव त्यांना."

ती म्हणाली, "बाबा, आज गप्प बसले तर उद्या बाळाला काय शिकवू? पूर्ण नाव सांगू नकोस?"

सोमवारी व्याही अक्षता घेऊन घरमालकाकडे निघाले. मी मागोमाग, हाणामारी झालीच तर आपला एक माणूस असावा म्हणून. मफलर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता. थंडी आहे, असं मी सांगितलं. मालकाने कुंकवाचं बोट लावलेला कागद पाहिला, दोन्ही हातांनी घेतला. "आइए, आइए, किसकी शादी है?" लाडू आले, पाणी आलं. व्याह्यांनी लाडू खाल्ला, पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"शादी नहीं है, भाईसाहब. आपकी शिकायत है. पढ़ दूँ? कहीं ग़लत हो तो सुधार लेंगे."

मालकाची बायको त्यांचा रिकामा पेला हातात घेऊन उभी होती. तो आता कुठे ठेवावा, हे तिला सुचेना.

रस्त्यावर आल्यावर मी भडकलो. "त्याला सांगायची गरज काय होती? आता तो वकील करील."

ते चालतच राहिले. "समधी जी, मेरे बाप ने भी उम्र भर शिकायत की. चूल्हे के पास, माँ से, धीमे-धीमे. मैं सामने करता हूँ."

मंगळवारी अर्ज दाखल झाला, पोच मिळाली, चौकशी बसली. मालकाने सांगितलं, खोल्या भाच्यासाठी ठेवल्यात. भाचा काही आला नाही, खोल्यांना अजून कुलूप आहे. दुसरी खोलीही कोणी दिली नाही. लेक आमच्या जयेंद्रगंजच्या दीड खोलीत आली. तिथून सवारीच्या टेम्पोने शाळेत जायची, आणि ती परत येईपर्यंत रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला घरी बसल्या लागायचा. देवाने लाज राखली, नात सुखरूप झाली.

मी व्याह्यांना म्हटलं, "आता सोडा. पोर घरात आहे, आनंद आहे."

नातीने त्यांचं बोट धरलं होतं. ते सोडवून न घेता म्हणाले, "यहाँ है, अच्छा है. पर वहाँ भी रह सकती थी ना."



आता चौकशीचं काय झालं ते विचारायला आम्ही दोघं कचेरीत जातो. त्यांचे गुडघे गेलेत, चार पावलांवर थांबतात, मीही थांबतो. ओळखीचं कोणी विचारतं, काका, कुठे निघालात? ते दम खात असतात. मग मीच सांगतो.