नाव राहिलं, आवाज गेला

आर्वीच्या एसटी आगारातून निवृत्त होऊन रत्नदीप सिंदी मेघेला राहायला आला आणि त्याला एक नाद लागला. बुद्धविहारात येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करायचं आणि त्यांचे आवाज जपून ठेवायचे. कोणी कापसाच्या जिनिंगमधले दिवस सांगे, कोणी लग्नातली गाणी म्हणे. तळहाताएवढा रेकॉर्डर पुढ्यात ठेवून तो ऐकत बसे. लोकांच्या आया बोलत्या झाल्या, घरची तेवढी राहिली.

घरची म्हणजे त्याची आई, सुलोचनाबाई. रत्नदीप बालवाडीत असताना ही बाई त्याला आपल्या बहिणीकडे, जयाकडे, सोडून निघून गेली होती. परत आली तेव्हा तो चौथीत होता. कुठं होती, काऊन गेली होती, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही. एका छपराखाली मायलेकांचा जन्म गेला, पण त्या वर्षांच्या वाटेला दोघंही गेले नाहीत.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी म्हातारी आपणहून म्हणाली, "लोकायपाशी मशीन घेऊन हिंडतं. माह्यापाशी ठेव एकदा."

रत्नदीपनं रेकॉर्डर काढला.

"चालू कर अन् तू बाहेर जाय. तुह्यासमोर मले सांगता येत नाई."

तो कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसला. चहाचे दोन कप गार झाले. परत आला तेव्हा तिचे डोळे लाल होते. "घे," ती म्हणाली. "सारं सांगितलं. पुन्हा नाई सांगत मी."

घरातला जुना कॉम्प्युटर त्याच्या मुलीनं, नंदिनीनं, लावून दिला होता. ती वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्यात लिनक्स ही सिस्टीम टाकताना तिनं सांगितलं होतं, "बाबा, लाइट गेली तरी भ्यायचं काम नाही. याला जर्नल आहे, ते सावरून घेतं." आणि खरंच, उन्हाळाभर लाइट जात-येत राहिली, पण कॉम्प्युटरनं कधी कुरकुर केली नाही.

रत्नदीपनं रेकॉर्डरचं कार्ड लावलं, आवाज कॉम्प्युटरमध्ये हलवला, फाइलला 'माय' असं नाव दिलं. काम झाल्याचं दिसलं. कार्ड रिकामं झालं. ते काढून हातात घेतो न घेतो तोच लाइट गेली. लाइट आल्यावर कॉम्प्युटर चटकन उघडला आणि 'माय' जागच्या जागी होती.

पण त्यानं ती ऐकली नाही. आज नको, उद्या ऐकू. काय निघेल त्यातून? कार्ड पुन्हा रेकॉर्डरमध्ये गेलं, त्यावर विहारातल्या लोकांचे आवाज भरत गेले.

सुलोचनाबाईला वाटलं, पोरानं ऐकलं. जेवताना ती त्याच्या तोंडाकडे पाहू लागली. एकदा म्हणाली, "काही बोलाचं हाय काय तुले?"

"काय बोलू?" रत्नदीप ताटाकडे पाहत म्हणाला.

त्यानंतर ती त्याच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यानं मन घट्ट केलं, दार लावून घेतलं आणि फाइलवर क्लिक केलं. ती उघडेना. आकार पाहिला. शून्य.

नंदिनी धावत आली. बराच वेळ खटपट करून तिनं हात मागे घेतले.

"तू म्हणली होती, जर्नल हाय," रत्नदीप म्हणाला.

"जर्नल आहेच ना, बाबा. कोणताही बदल करायच्या आधी कॉम्प्युटर त्यात टिपून ठेवतो की अमक्या जागी अमक्या नावाची फाइल होणार आहे. मधेच लाइट गेली तर परत आल्यावर ते टिपण वाचतो आणि अर्धं राहिलेलं काम पुरं करतो. म्हणून डिस्कची घडी मोडत नाही. पण फाइलच्या आतला मजकूर त्यात नसतो. आजीचा आवाज तेव्हा नुसता मेमरीत होता, डिस्कवर उतरलाच नव्हता. लाइट गेली, तो गेला. नाव टिपलेलं होतं, म्हणून नाव राहिलं."

"मंग आतलं बी टिपून ठेवाचं."

"तशी सोय आहे. सगळं दोनदा लिहावं लागतं, कॉम्प्युटर मंद होतो. म्हणून सहसा कोणी लावत नाही."

"तुनंही नाई लावली."

नंदिनीनं विचारलं, "कार्ड कुठंय? लगेच सांगितलं असतं तर त्यावरून काढता आलं असतं."

"त्याच्यावर रोज रेकॉर्डिंग चालू हाय."

"तुम्ही एवढे महिने ऐकलंच नाही, बाबा?"

जर्नलमध्ये काही खूण सापडते का म्हणून तिनं तेही उघडून पाहिलं. पण जर्नलची जागा ठरलेली; भरली की सुरुवातीपासून जुन्यावर नवं लिहिलं जातं. त्या दुपारचं टिपण केव्हाच पुसलं गेलं होतं.

संध्याकाळी रत्नदीप आईच्या बाजेशी जाऊन बसला. "माय, तुहा आवाज मशीनमधून उडाला. मी ऐकलाच नाई. एकदा पुन्हा सांग."

म्हातारी उठून बसली. "नंदिनी म्हणे, मशीन पक्कं हाय. काही जात नाई."

"तिलेच समजलं नवतं, माय."

"उडाला म्हणतं," ती हलकेच म्हणाली. "ऐकून घेतलं अन् आता उडाला म्हणतं. तुले माफ करता येत नसंन तर तसं सांग ना. लबाड काऊन बोलतं?"

त्यानं शपथ घेतली. तिला कॉम्प्युटरपाशी नेऊन शून्य आकाराची फाइल दाखवली. पडद्यावर 'माय' लिहिलेलं तिला वाचता आलं. "हे काय, हाय तर," ती म्हणाली आणि बाजेवर जाऊन पाठ फिरवून झोपली.

नंदिनीनं बॅटरी बॅकअप आणून लावला. रत्नदीपनं पुन्हा कोणाचा आवाज घेतला नाही. बापलेकीचं बोलणं कामापुरतं उरलं. फेब्रुवारीत सुलोचनाबाई गेली.

तिच्यामागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जयामावशी आली. माणसं पांगल्यावर रत्नदीपनं तिला गाठलं. "मावशी, माय त्या वर्षात कुठं होती? तुले तर माहीत असंन."

"मले नाई सांगितलं तिनं," जयामावशी म्हणाली. "फोनवर दर खेपेले रडे. म्हणे, रत्नदीपले सारं सांगून टाकलं, पण पोरगं एका शब्दानं बोलत नाई." तिनं पिशवी उचलली. "तू तिले एक शब्द बी बोलला नाई ना?"

रत्नदीप तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला. वाटेत ती त्याच्याशी बोलली नाही.