सरळ बसलेलं स्टिअरिंग

व्हर्लिन स्टॅसिकने मिशिगनमधल्या मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं एकच काम केलं: समोर येईल त्या गाडीला स्टिअरिंग बसवायचं. बसवलेलं काढायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. पुढे कारखान्याला टाळं लागलं, बायको गेली, आणि आता मुलीचा, डोरीनचा, त्याच्या गाडीच्या किल्लीवर डोळा होता. बंपर लागून शेजाऱ्याची टपालपेटी आडवी झाली, एवढंच निमित्त.

"डॅड, हात थरथरतात तुझे. दे ती किल्ली."

"हे हात? अगं, दिवसाला चारशे बसवायचो! हे फाटकं स्टिअरिंग काढून भंगारवाल्याकडचं चांगलं बसवतो आज. वाकडं बसलं तर किल्ली तुझी."

"बघ हं. मग रडायचं नाही."

गाडी दारातल्या उतारावर होती, म्हणून पुढची चाकं त्याने नेहमीसारखी डावीकडे वळवून ठेवलेली. त्याने हॉर्नचं झाकण उचकटलं, नट सोडवला, चाक ओढून काढायचा पुलर लावून जुनं स्टिअरिंग उपटलं. दुसरं छातीसमोर अगदी सरळ धरून दांड्यावर बसवलं आणि नट आवळला. हात जराही थरथरले नाहीत.

कोपऱ्यावरचा कुठलाही मेकॅनिक काढण्याआधी दांड्यावर खडूची खूण करतो. व्हर्लिनला ती सवयच नव्हती. कारखान्यात गाडी त्याच्यापुढे यायची ती चाकं सरळ होऊनच. ते बघणं त्याच्या आधीच्या माणसाचं काम.

डोरीनने गाडी रस्त्यावर काढली. गाडी सरळ चालली होती आणि स्टिअरिंग पाव फेरी उजवीकडे कललेलं.

"चाकं वळलेली होती गं! हातांची चूक नाही, डोक्यात आलं नाही एवढंच. दहा मिनिटांत नीट करतो."

"डोक्यात आलं नाही? मग तर झालंच, डॅड."

तिने चाकं सरळ ठेवून गाडी लावली, किल्ली पर्समध्ये टाकली आणि ती निघून गेली. एकतीस वर्षं लोकांच्या हाती स्टिअरिंग दिलं त्याचं हे फळ, असं त्याच्या मनात आलं. त्याला संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली.

तरी त्याने नट पुन्हा सोडवला. या वेळी खडूची खूणही केली. स्टिअरिंग असं बसलं की कारखान्यातल्या तपासनिसानेही मान डोलावली असती. तो आत बसला, दोन्ही हातांनी धरून त्याने ते जरासं फिरवलं. किल्ली नव्हती, त्यामुळे स्टिअरिंगचं चोरकुलूप खट्कन लागलं आणि ते जागच्या जागी अडकलं.

अगदी सरळ.