गुलालाआधीचा रंग

चारुशीलाबाईंना सांगलीत नाटकवाले सोडले तर फारसं कुणी ओळखत नव्हतं. आणि वाईजवळच्या ज्या गावात त्या जन्मल्या, तिथं चारुशीला म्हणून तर कुणीच नाही. तिथं त्या बनू होत्या. नवरा पलटणीतून सुटीवर आला तो दुसरी बायको घेऊनच. तेव्हा पोरसवदा बनू घरात कुणाला न सांगता वाईच्या स्टँडवर सांगलीच्या गाडीत बसली. सांगलीत लांबची एक आत्या होती. तिच्याकडे धुणीभांडी करताना बनूचा आवाज नानासोंच्या कानावर पडला. चारुशीला हे नाव त्यांनीच ठेवलं.

नानासो यात्रेतल्या नाटकांना बायका पुरवायचे. चैत्र-वैशाखात सांगली-साताऱ्याकडे गावोगाव यात्रा भरतात आणि यात्रेला नाटक हवंच. पुरुषांची कामं गावचीच पोरं करतात. पण लेकीसुनांना रंगमंचावर कोण उभं करणार? मग पडदे, कपडे, रंगवणारा माणूस आणि नायिका हे सगळं सांगलीहून एकाच टेम्पोतून यायचं. चारुशीलाबाई वीस वर्षं त्या टेम्पोतून फिरल्या. बहुतेक गावांत नायिकेचं नाव कुणाला ठाऊक नसायचं. ‘सांगलीची बाई’ एवढंच.

रंगवणारा होता नाथाजी. त्याच्याकडे एक पिवळट दगड असायचा, मुर्दाडशिंग. तो खलात घोटून, सफेदा मिसळून, खोबरेलावर तोंडाला चोपडायचा. “दगडाचा रंग हाय बाई. घामाला दाद देत न्हाई,” असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता आणि ते खरंही होतं. पहाटेपर्यंत रंग हलायचा नाही. पण तो उतरवताना कातडी सोलल्यासारखी व्हायची. आधी नाकपुड्यांच्या बाजूला, मग गालांवर, मग कपाळावर भोकं दिसायला लागली. फुफाट्यात पावसाचे चार थेंब पडून गेल्यावर उठतात तशी. ती बुजवायला रंग जास्त लावायचा आणि रंग जास्त लावला की ती आणखी उघडायची. नाथाजीचीही बोटं अलीकडे थरथरायला लागली होती. तो म्हणायचा, तंबाखूनं होतंय.

मागच्या वर्षी इस्लामपूरकडच्या एका यात्रेत ते घडलं. नायक गुडघ्यावर बसून चारुशीलाबाईंचा चेहरा दोन हातांत धरून म्हणाला, “प्रिये, हा तुझा मुखचंद्र...” आणि पुढच्या रांगेतून आवाज आला, “व्हय व्हय! पेपरात फोटू आलाता, चंद्रावर लय खड्डं हायती!”

सगळा मांडव हसला. नायकही हसला. चारुशीलाबाई पुढचं वाक्य बोलल्या, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

या वर्षी फाल्गुनात नानासो त्यांच्या खोलीवर आले. खुर्चीवर न बसता दारातच उभे राहून म्हणाले, “बाई, औंदा आईचं काम घ्या.”

“आणि नायिका?”

“पद्मा करंल. पोरगी हुशार हाय. पाठांतर झालंय तिचं.”

“आईच्या कामाला नाईटचे पैसे निम्मे मिळतात, नानासो. आणि दोन वर्षांनी आई पण नवीन लागते. मग मी काय करू? परत भांडी?”

नानासोंनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते वाईट माणूस नव्हते. “गाववालं मला इचारत्यात बाई. बाई नवी हाय का जुनी, हेच पयलं इचारत्यात.”

“एक नाटक द्या. पहिलं. तिथं कुणी हसलं तर मी स्वतः पद्माला शालू नेसवीन.”

नानासोंनी टोपी परत डोक्यावर चढवली. “कडेगावचं पयलं हाय,” म्हणाले. “बघा.”

त्या दिवसापासून चारुशीलाबाई आपल्या चेहऱ्याशी भांडायचं सोडून त्याच्याकडे नीट बघायला लागल्या. सांगलीतल्या औषधाच्या दुकानात त्यांनी मुर्दाडशिंगाचा तुकडा दाखवला. दुकानदार म्हणाला, “हे तोंडाला लावता? बाई, शिसं आहे यात. जस्ताची पांढरी भुकटी न्या, फोडांवर लावतात ती.” त्यांनी ती आणली, मलमलीतून दोनदा गाळली आणि चिमूटभर गेरू घालून अंगाच्या रंगाला आणली. पहिल्या दिवशी सवयीनं चोळून लावली, तर प्रत्येक भोकात पांढरा ठिपका जाऊन बसला. पीठ सांडलेल्या जात्यासारखा चेहरा झाला. चोळलं की भुकटी भोकात जाते, एवढं त्यांना कळलं. मग त्या तोंड तुरटीच्या गार पाण्यानं धुऊन कोरडं करायला लागल्या. खोबरेलाचा एकच थेंब लावायच्या आणि तोही फडक्यानं टिपून घ्यायच्या. त्यावर ओलसर कापसाच्या बोळ्यानं भुकटी नुसती दाबायची, वरून खाली, पातळ. नाकाच्या बाजूला जवळजवळ नाहीच. मग तासभर बसायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, पाणी प्यायचं नाही. तासाभरात तो रंग कातडीचाच होऊन जायचा. आरशात भोकं असायची, पण ती शोधावी लागायची.

उजेडाचंही त्यांच्या लक्षात आलं. यात्रेतल्या रंगमंचावर दिवे पुढच्या कडेला, पायांशी असतात. खालून उजेड आला की चेहऱ्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला सावली पडते. दिवेवाला हरिबा टेम्पोत बसल्या बसल्याच त्यांनी गाठला.

“हरिबा, दोन दिवे वरच्या बांबूला बांधशील का? समोरून?”

“बांदतो की. पर कशापायी वं बाई?”

“म्हातारपण खालून दिसतं, म्हणून.”

हरिबा हसला, पण त्यानं दिवे वर बांधले.

कडेगावजवळच्या त्या गावात टेम्पो पोचला तेव्हा उन्हं कलली होती. शाळेची एक खोली बायकांना दिली होती. पद्मा जेवून तिथंच आडवी झाली. या नाटकात तिला नायिकेच्या मैत्रिणीचं काम होतं. चारुशीलाबाईंनी बादलीत तुरटी फिरवली. चेहरा धुतला, टिपला, भुकटी दाबली आणि भिंतीला पाठ लावून ताठ बसल्या.

नाथाजी डबा घेऊन आला आणि दारात थांबला. “आत्तापास्नं? आजून देवळात जायचं हाय बाई.”

चारुशीलाबाईंनी हातानंच ‘जा’ म्हटलं. बोलायचं नव्हतं. तासाचा हिशोब त्यांनी नाटकाच्या वेळेवरून धरला होता. देवळाचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. वीस वर्षांत एकदाही त्या रंग लावून देवळात गेल्या नव्हत्या. आधी देऊळ, मग रंग हा क्रम कुणी ठरवलेला नव्हता, तो आपोआप पाळला जायचा. या एका दिवशी त्यांना रंग जिरायला वेळ हवा होता.

दिवेलागणीला हलगी वाजत शाळेपर्यंत आली. नारळ फोडल्याशिवाय पडदा उघडत नाही आणि नारळ फोडताना नायिका भैरोबासमोर उभी असावी लागते. पद्मा डोळे चोळत उठली. चारुशीलाबाईंनी पदर पुढे ओढला आणि त्या चालायला लागल्या. मनात म्हणत होत्या, लांबून हात जोडू आणि मागं फिरू.

देवळात बायकांची दाटी होती. मानाच्या घरातली राहीबाई पुढं आली. वयस्क, खणखणीत बाई. हातात गुलालाचं ताट. तिनं चारुशीलाबाईंचा पदर मागं सारला आणि बघतच राहिली.

“आगं बया! कशी पुतळीवानी दिसतीया बघा सांगलीची बाई! मागल्या साली आलीती तिच्यापरास लय चांगली हाय ही.”

मागल्या सालीही त्याच आल्या होत्या. इतक्या जवळून, समईच्या उजेडात, एका बाईनं त्यांचा चेहरा बघितला होता आणि तिला काही दिसलं नव्हतं. जमलं होतं. त्यांना हसू आलं.

आणि राहीबाईनं दोन्ही मुठी भरून गुलाल त्यांच्या दोन्ही गालांना माखला.

“आवं आक्का...” एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“आसू दे गं. देवाचा हाय. येश दील तुला.” आणि वर आणखी एक मूठ कपाळाला.

देवाचा गुलाल नको कसा म्हणायचा? पुसायचा तरी कसा, सगळ्यांदेखत? त्या तशाच हात जोडून उभ्या राहिल्या. शेजारी पद्मालाही गुलाल लागला. तिच्या कोऱ्या गालांवर तो लाली लावल्यासारखा दिसत होता.

शाळेत आल्यावर त्यांनी आरसा बघितला. एरवी कोऱ्या तोंडावरचा गुलाल धुतला की जायचा; आज भुकटी आणि गुलाल एक झाले होते. पुसलं तेव्हा वरचं सगळं निघून आलं आणि जे भोकात गेलं होतं ते तिथंच राहिलं. पाणी लावलं तर गुलाल पेटला. नाकापासून कानापर्यंत लाल ठिपके, गोवर उठल्यासारखे. पुन्हा धुतलं. पुन्हा. बाहेर पहिली घंटा झाली.

“आता माझाच रंग लागंल बाई,” नाथाजी हळूच म्हणाला. “दुसरं काय बी झाकणार न्हाई ह्ये.”

त्यांनी डोळे मिटले आणि मान वर केली. थरथरती बोटं गालांवर फिरायला लागली. तोच जुना वास. एक हात, मग दुसरा, मग तिसरा. भिंतीला गिलावा करावा तसा.

पहिला अंक निभावला. दुसऱ्यात नायकाबरोबरचा प्रवेश लांबला. गावचा सुटीवर आलेला फौजी नायक होता आणि प्रत्येक टाळीला तो सलाम ठोकायचा. मांडवात वारा नव्हता. दगडाचा रंग घामाला दाद देत नव्हता, पण खालचा गुलाल देत होता. आतून ओला होऊन तो एकेका भोकातून वर यायला लागला. वर बांधलेले हरिबाचे दोन दिवे सरळ त्यांच्या तोंडावर होते.

कुणी हसलं नाही. चारुशीलाबाई हसण्याची वाट बघत होत्या. हसले असते तर पुढचं वाक्य जोरात फेकता आलं असतं. पण पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींच्या कानाला लागल्या आणि त्यातली एक हळहळून म्हणाली, “देवी येऊन गेल्याल्या दिसत्यात गं बिचारीला.” ती राहीबाई होती.

टेम्पोत परत येताना चारुशीलाबाईच नानासोंना म्हणाल्या, “शालू इस्त्री करून ठेवते. पद्माला थोडा लांब होईल.”

पुढचं नाटक इस्लामपूरकडंच होतं. देवळातून आल्यावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. नाथाजीनं डबा उघडला, चारुशीलाबाईंकडे बघितलं आणि बंद केला. “तुमास्नी काय बी नगं आता. आईच्या कामाला हाय ह्योच चेहरा बराबर हाय,” म्हणाला. त्याला ते दिलासा दिल्यासारखंच वाटत होतं.

पद्मा आरशात नाक जवळ नेऊन बघत होती. आदल्या महिन्यापर्यंत ती त्यांना ताई म्हणायची.

“मावशी, हे बघा ना. इथं नाकापाशी बारीक भोकं पडायला लागलीत का हो?”

चारुशीलाबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. पडायला लागली होती. अगदी तिथंच, जिथून त्यांची सुरू झाली होती. ‘नाही गं’ म्हणता आलं असतं. ते शब्द तोंडापर्यंत आलेही. त्यांनी हनुवटी सोडली.

मग त्यांनी पिशवीतून मलमलीत बांधलेली भुकटी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

“नाथाजींचा दगड बंद कर. ही चोळायची नाही, नुसती दाबायची. पातळ. आणि कितीही घाई असली तरी आधी गुलाल लावून घ्यायचा, मग ही.”

दुसरी घंटा झाली. त्या उठल्या, पांढरं लुगडं सारखं केलं आणि विंगेत येऊन हरिबाला हाक मारली.

“हरिबा, माझ्या प्रवेशाला वरचे दिवे मालव. खालचे तेवढे राहू दे.”

“खालनं लय म्हाताऱ्या दिसशिला वं बाई.”

“दिसू दे,” त्या म्हणाल्या, आणि उजेडात गेल्या.