ती समोर येईपर्यंत गाणं नाही

आणि समितीने ठरवलं काय, तर हरिश्चंद्र मास्तरांच्या पंच्याहत्तरीला मास्तरांनी गायचंच नाही! त्यांनी शाल पांघरून खुर्चीत बसायचं आणि स्वतःचीच जुनी गाणी स्पीकरवर ऐकायची. मी बैठकीत बोलले, तर अध्यक्ष म्हणतात, "वनिताबाई, तुम्ही जेवणाचं बघा." जेवणाचं मी बघतेच. आगाशीपासून आचोळ्यापर्यंत लग्नांची जेवणं मीच करते. पण या गौरवग्रंथात मलाही जागा दिलीय, तेव्हा मी माझ्या मनासारखं लिहिणार. माझं शिक्षण चौथी. चुका लेकीने काढल्यात. ती माझं बोलणंही सुधारायला लागली, तेव्हा वही काढून घेतली.

मास्तरांशी माझी ओळख भांडणाने झाली. नंदाखालला एका वाडीत साखरपुडा होता. मी मागे पुऱ्या तळत होते, मास्तर पुढे पेटी घेऊन बसले होते. रेडिओच्या जमान्यातली प्रेमाची भावगीतं गाणारे म्हणून ते नावाजलेले, पण मला कुठे ठाऊक! एकजण धावत आला, "वनिताबाई, पुढे बोलावलंय."

"आणि पुऱ्या काय तुझा बाप तळणार?"

तर मास्तर स्वतः उठून मागे आले. म्हणाले, "बाई, तुमच्या यजमानांनी तुमच्यासाठी गाणं सांगितलंय. तुम्ही समोर आल्याशिवाय मला सुरू करता येत नाही."

"इथूनच ऐकते की."

"इथून नुसती भांडी ऐकू येतात. गॅस बंद करा."

ही मास्तरांची रीतच आहे. प्रेमाचं गाणं कोणासाठी ते आधी विचारतात, आणि ती बाई समोर येऊन बसेपर्यंत पेटीला हात लावत नाहीत. समारंभात बायका कुठे असतात? चुलीपाशी. पुष्कळ घरची माणसं यावरून चिडली, मास्तर हटले नाहीत. मी पिठाच्या हातांनी जाऊन बसले. आमचे हे जमिनीकडे बघत होते, कान लालबुंद. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि "अगं, पाणी दे" यापलीकडे या माणसाच्या तोंडून शब्द नव्हता. त्या दिवशी ते मास्तरांच्या तोंडून बोलले.

लोक विचारतात, या जुन्या गाण्यांत अजून काय ठेवलंय? मला सूर-ताल कळत नाही. मी कोणाचं बोलणं पुरतं ऐकूनही घेत नाही, घरात विचारा. पण हे गाणं मी शेवटपर्यंत ऐकते. त्या काळचे गाणारे ओरडत नसत. शेजारी बसून एकाच माणसाला सांगावं, तसं गात. 'तू माझीच' म्हणून ती गाणी अंगावर येत नाहीत, विचारतात. आणि आपल्याला कोणी विचारावं, हे बाईला कधी जुनं होत नाही. आचोळ्याला एका सोसायटीत मास्तर गायले, तेव्हा नाचायला आलेल्या पोरी खाली फरशीवर बसल्या. एक म्हणाली, "काका, स्लो आहे पण मस्त आहे एकदम. अजून एक ना!" मास्तर म्हणाले, "कोणासाठी?" पोरगी लाजली आणि बाकीच्यांनी एक नाव ओरडून सांगितलं.

मला वाचता येत होतं म्हणायला. चौथीनंतर सरावच गेला. ते कळलं तेव्हा मास्तर मला हसले नाहीत. स्वतःच्या गाण्यांची वही मोठ्या अक्षरांत उतरवून दिली. म्हणाले, "ओळी लहान आहेत, दम लागणार नाही." आज हे लिहितेय ते त्या वहीच्या जोरावर.

गेल्या वर्षी मास्तरांचा आवाज बसला. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तुकडा तपासायला गेला. ते दिवस मी कसे काढले ते मला माहीत. रोज पेज घेऊन जायचे. बोलायला बंदी, म्हणून मास्तर पाटीवर लिहायचे. मग रिपोर्ट आला. गाठ साधी होती, भ्यायचं काही नव्हतं. त्याच दिवशी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. मास्तरांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, पेजेचा चमचा पुढे केला. मास्तरांनी घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि खरखरत म्हणाले, "वनिताबाई, मीठ कमी आहे." मी आणि वहिनी रडत-हसत नुसत्या बसून राहिलो. छातीवरचा धोंडा उतरला.

आता डॉक्टर म्हणतात, हळूहळू गा. आणि मास्तर म्हणतात, "आवाज खाली उतरलाय. लोकांच्या कानात पूर्वीचा आहे." म्हणून त्यांनी समितीच्या त्या स्पीकरला होकार दिला. मास्तर, गेल्या आठवड्यात मी डबा घेऊन आले होते. तुम्ही ओट्यावर बसून गात होता आणि वहिनी नारळ खवत होत्या. आवाज जाडा झालाय, खरं आहे. पण शब्द न् शब्द पोचत होता. वहिनींची विळी थांबली होती. मी फाटकातच उभी राहिले, हाक मारली नाही.

स्पीकरचं ठरलंय ते ठरलंय. मास्तर, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, गुडघे धड राहोत, गळा परत कधी डॉक्टरांना दाखवावा न लागो. माझ्या लेकीचं लग्न वैशाखात आहे, आगाशीलाच. एकच गाणं, याच आवाजात. हा ग्रंथ हातात पडेल त्यानंतरच्या रविवारी दुपारपर्यंत मला सांगा, गाणार की नाही. 'बघू' म्हणालात तर ते उत्तर मी धरणार नाही.