पुसलेली ओळ

मावशी शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेच्या नळ्या धूत होत्या. शिक्षक आले-गेले, मावशी तिथंच राहिल्या. तेच प्रयोग बघून बघून त्यांना विज्ञान शिक्षकांइतकंच उमगलं होतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी नव्या सरांनी पाण्याच्या रॉकेटशेजारी फळ्यावर लिहिलं, ‘पाणी जमिनीला ढकलतं, म्हणून बाटली वर जाते.’ मावशींनी ओलं फडकं घेतलं आणि ओळ पुसून टाकली.

सरांचा पारा चढला. तक्रार मुख्याध्यापिकाबाईंकडे गेली. बाईंनी मावशींना बोलावून समजावलं, की सगळ्यांसमोर माफी मागा, विषय संपवू. चूक माझी निघाली तर मागेन, मावशी म्हणाल्या, पण आधी दहा मिनिटं मैदानात चला.

मैदानातल्या खांबाच्या टोकापासून दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापर्यंत त्यांनी नायलॉनची दोरी ताणली. दोरीत स्ट्रॉ ओवला, त्याला खांबाच्या बाजूला बाटली चिकटवली. तोंड मोकळ्या मैदानाकडे, आत तिसरा हिस्सा पाणी, तोंडाला सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच. पाणी कमी पडलं तर मागे फेकायला वजन नाही, जास्त झालं तर हवा दाबून भरायला जागा नाही, हे त्यांनी जमलेल्या मुलींना सांगितलं आणि बाह्या सरसावून लांब नळीचा पंप खालून मारायला घेतला.

फट्कन बूच उडालं. पाण्याची पिचकारी मागे, बाटली सरसर वर. ती निम्मी दोरी ओलांडून गेली तेव्हा पाणी अजून हवेतच होतं.

मावशी सरांकडे वळल्या. “जमिनीला अजून थेंब लागला नव्हता, सर. मग ढकललं कुणाला? दाबलेल्या हवेनं पाण्याला मागे हाकललं, आणि तेवढ्याच जोरानं बाटली पुढे गेली.”

वाऱ्यानं गेली असेल, सर पुटपुटले. मावशींनी दोरीच उलट्या दिशेनं बांधून बाटली पुन्हा वर सोडून दाखवली, मग आणखी एकदा.

तरी शिस्तभंगाची नोटीस आलीच. मावशींनी खाली आपल्या वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं, ‘ओळ चुकीची होती, पुसली. पुन्हा लिहिली तर पुन्हा पुसेन.’ ठसठशीत सही केली आणि कागद स्वतः बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि खणात टाकला. पुढे त्याचं काहीच झालं नाही.

प्रदर्शनात तीच दोरीवरची बाटली दाखवत सरांनी पालकांना बरोबर कारण सांगितलं, मावशींकडे न बघता. हे रॉकेट कुणी बनवलं, असं एका पालकांनी विचारलं. सर काही बोलायच्या आत मावशी पुढे आल्या.

“मी,” त्या म्हणाल्या.