लालसूच्या वाट्याची रम

काश्मीरची लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. मी फौजेतून सुटून सिंदेवाहीला घरी होतो. आमचा जुना हवालदार जंगलाचा ठेका घेऊन इकडंच फिरतो, असं कळलं. नागपूरकडचा माणूस. मी त्याला घरी रम प्यायला बोलावलं. आज याला सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

लालसू माझ्या सेक्शनचा, एटापल्लीकडचा गोंड. काश्मीरात डोंगरावरच्या एका पिकेटवर, म्हणजे चौकीवर, मी वायरलेसला होतो. दुपारी सेटवर हुकूम आला, "कोणी हलू नका. ओव्हर." मी हवालदाराला सांगितला. त्यानं काय करावं?

"लालसू, खालच्या पोस्टवरून माझा रमचा जार आण."

"जी साब."

लालसू उतरला आणि मॉर्टरचा गोळा पडला. खालचा नाला बर्फानं भरलेला. लालसू मिळालाच नाही. हवालदारानं रिपोर्ट दिला, पोस्ट सोडून पळाला. मी ओरडून खरं सांगितलं. शिपायाचं कोण ऐकतं!

गावी त्याचा बाप वाट पाहत होता. त्यांच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. पळाला म्हणजे जिता. जित्याचा दगड कसा उभारणार? त्या म्हाताऱ्यालाही मी बोलावलं. हवालदाराला फक्त 'पाहुणा' म्हणून सांगितलं.

रम बनवायची रीत ऑफिसर्स मेसच्या ड्युटीत शिकलेली. पितळी डब्यात रम, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि नागभीड स्टेशनवरून भुशात आणलेला बर्फ. झाकण दाबून हात गारठेपर्यंत हलवलं, गाळून तीन पेले भरले.

"वा रे गड्या, साहेबासारखी बनवली!" हवालदार खूश.

मी दाराला कडी घातली.

"थांबा. पाहुण्याच्या घरची रीत हाय. आधी मेलेल्याचं नाव घेऊन थेंब सोडतात. लालसूचं नाव घ्या. कोणाच्या हुकमानं गेला, तेही बोला."

"चल हट! तो पळाला."

म्हातारा पहिल्यांदा बोलला. "मी लालसूचा बाप. मले एवढंच सांग, माहा पोरगा जिता हाय का?"

हवालदारानं दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नाई बाबा. मीच धाडलं त्याले. रम आणाले."

म्हाताऱ्यानं त्याच्या हातून पेला घेतला आणि सगळा जमिनीवर ओतला.

"हे त्याचं. आता दगड तू आणशील. तुह्या खांद्यावर."

आणला त्यानं. नदीतून लालसूच्या गावापर्यंत, अख्ख्या गावासमोर, धोतर चिखलानं भरलेलं. दोनदा पडला. मी मागंच चालत होतो, हात लावला नाही. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू!

दगड उभा झाल्यावर मी अटेन्शनमध्ये सॅल्यूट दिला. शिपाई लालसू पळाला नव्हता. हुकूम पाळायला गेला होता.